नाकसाहेब आणि पाच काळ्या कुप्या

साबणाच्या कारखान्यात नाकसाहेबांचा एक दावा होता आणि तो ते कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. "डोळ्यांवर पट्टी बांधा, हातपाय बांधा, हवं तर उलटं टांगा! फक्त नाकाखाली वडी धरा. कुठल्या कढईतली, कुठल्या पाळीतली आणि ढवळणाऱ्यानं जेवायच्या सुट्टीआधी ढवळली की नंतर, तेही सांगतो!"

आणि सांगायचेही, हे विशेष. माल बाहेर पडायच्या आधी प्रत्येक लॉटमधली एक वडी त्यांच्या टेबलावर यायची. ते हुंगायचे आणि म्हणायचे, "पास" किंवा "नापास". मालकांनीसुद्धा कधी त्यावर हुज्जत घातली नाही. त्यांचं खरं नाव कारखान्यात कुणालाच आठवत नव्हतं. नाकसाहेब म्हटलं की झालं.

तर अशा या माणसाचं नाक गेल्या तापात बंद पडलं.

ताप उतरला, खोकला गेला, अंगात ताकद आली. वास मात्र परत आला नाही. घरात कुणी नसताना नाकसाहेबांनी कांदा हुंगला, टर्पेंटाइन हुंगलं, बाथरूममधली फिनेलची बाटली हुंगली. काही नाही! सगळं जग पाण्यासारखं झालं होतं. आज येईल, उद्या येईल म्हणत त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. बायको बाळंतपणासाठी तिच्या बहिणीकडे गेली होती, म्हणजे बहिणीच्या मुलीच्या बाळंतपणासाठी, ते त्यांच्या पथ्यावरच पडलं.

कारखान्यात त्यांनी एक युक्ती काढली. पॅकिंगच्या ताई वडी घेऊन आल्या, की ते खुर्चीत रेलून म्हणायचे, "ताई, आधी तुम्ही बघा. शिकायला नको का तुम्हाला?" ताईंना गहिवरून यायचं. इतकी वर्षं खोक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, आता साहेब आपल्याला तयार करताहेत! त्या मन लावून हुंगायच्या आणि नाकसाहेब मन लावून त्यांच्या भुवया बघायचे. भुवया जागच्या जागी राहिल्या की पास. वर गेल्या की नापास. माल बाजारात बिनतक्रार खपत होता.

घरात मात्र भुवयांवर भागण्यासारखं नव्हतं. घरात होती मुलगी.

तिला ते चिमणी म्हणायचे. आता चिमणीचे कपडे काळे, नखं काळी, खोलीचा पडदा काळा. भुताखेतांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं ती घरी बसून काढायची आणि त्यात इतकी बुडालेली असायची, की "जेवलीस?" "हो." "दिवा बंद कर." "हो," एवढ्यावर बापलेकीचा दिवस संपायचा. भांडण काही नव्हतं. बोलणंच आटलं होतं.

लहानपणी असं नव्हतं. तेव्हा ती रोज नवं काहीतरी मुठीत लपवून आणायची, बापाचे डोळे आपल्या हातांनी झाकायची आणि म्हणायची, "ओळख!" पेन्सिलचा भुसा, भिजलेली बाहुली, गंजका खिळा. एकदा तर तिनं शेजाऱ्यांच्या मांजराचा कान नाकाशी धरला होता. नाकसाहेबांनी तोही ओळखला! ती नाचायची. तिच्यासाठी बाप म्हणजे जगातला सगळ्यात मोठा जादूगार होता, आणि जादू नाकात होती.

त्यामुळे त्या संध्याकाळी चिमणी आपणहून त्यांच्यासमोर येऊन बसली, तेव्हा नाकसाहेबांनी हातातला पेपर उलटा धरला. तिनं टेबलावर करंगळीएवढ्या पाच काळ्या कुप्या मांडल्या.

"बाबा, अत्तराची तेलं आहेत. नमुने मागवलेत. यातलं एकच मोठं घ्यायचंय आणि मला ठरवताच येईना. तू सांग."

नाकसाहेबांनी चष्मा लावून चिठ्ठ्या वाचल्या. थडग्यावरचं शेवाळ. विझलेली मेणबत्ती. शापित ग्रंथालय. विधवेची मखमल. घंटाघरातली वटवाघळं.

"ही अत्तरं आहेत की पोलीस तपास?"

चिमणी हसली! खळखळून हसली. "अरे, गॉथिक आहे ते. जुने किल्ले, धुकं, कबरी, अंधार. उदास पण सुंदर."

"उदास पण सुंदर," नाकसाहेब मान डोलावत म्हणाले. "आणि लोक हे अंगाला लावून कामावर जातात?"

"जातात! तू हुंग तर. तुझ्यासारखं नाक आहे का कुणाचं?"

झालं! आता काय सांगणार? खरं सांगावं, तर ती "अरेरे" म्हणेल, कुप्या उचलेल आणि काळ्या पडद्याआड निघून जाईल. ज्या एका गोष्टीसाठी ती अजून बापाकडे येत होती, तीच संपेल. त्यांनी एक कुपी उघडली, नाकाशी नेली, डोळे मिटले.

पाणी.

"हं!" नाकसाहेब म्हणाले.

"हं काय?"

"अशी घाई करायची नसते. तेल जरा स्थिरावू द्यावं लागतं. उद्या कारखान्यात नेतो, माझ्या टेबलावर शांतपणे बघतो आणि मग सांगतो." मनात बेत पक्का झाला होता. ताईंच्या भुवया!

सकाळी बसमध्ये त्यांनी पाचही कुप्या पुन्हा एकदा उघडून पाहिल्या, न जाणो रात्रीतून नाक सुटलं असेल. एक एक कुपी नाकपुडीत खुपसून झाली. काही नाही. तेवढ्यात थांबा आला, घाईघाईत बुचं कशीबशी दाबली, कुप्या निळ्या कोटाच्या आतल्या खिशात कोंबल्या आणि ते उतरले. मग कारखान्यात पोचल्यावर कोटावर नेहमीचा रबरी ॲप्रन चढवून, खाली वाकून त्यांनी बुटाची नाडी बांधली. खिशात आडव्या झालेल्या पाच कुप्यांनी तिथेच माना टाकल्या. छातीशी ओलं लागलं, पण नाकसाहेबांना वाटलं, घाम असेल. कढईच्या खोलीशेजारी बसणाऱ्या माणसाला घामाचं काय नवल?

ताई लिंबाच्या साबणाची वडी घेऊन आल्या. नाकसाहेब म्हणाले, "आधी हे बघा, मग तुम्हाला एक गंमत दाखवतो."

ताईंनी वडी नाकाशी नेली आणि त्यांच्या भुवया थेट भांगापर्यंत गेल्या. "साहेब, हा लिंबू नाही!"

"नापास!"

मोगऱ्याची वडी आली. भुवया पुन्हा वर. "नापास!" गुलाबाची आली. ताईंनी पदर नाकाला लावला. "साहेब, यात कुणीतरी मेलंय हो!"

"नापास! नापास!"

तीन लॉट एका दमात नापास झाल्याचं ऐकून मॅनेजर धावत आले आणि दारातच थबकले. "अरे बापरे! हा साबणाचा वास नाही. हवेतच आहे काहीतरी. उंदीर? गटार? नाकसाहेब, तुम्ही असताना आम्ही काय बोलायचं? शोधून काढा!"

पुढे नाकसाहेब, मागे मॅनेजर, त्यांच्यामागे स्टोअरकीपर, प्लंबर आणि पदर लावलेल्या ताई, अशी वरात निघाली. नाकसाहेबांना अर्थातच काही कळत नव्हतं. ते आपले थांबायचे, नाक वर करून हवा हुंगायचे आणि मागे वळून चेहरे बघायचे.

"इथे?" ते बॉयलरजवळ म्हणाले.

"हो, हो! इथे आहेच!" सगळे ओरडले.

"आणि इथे?"

"इथे तर फारच!"

कमाल होती! ते बोट दाखवतील तिथे वास निघत होता. खुद्द मॅनेजरच्या केबिनमध्ये ते शिरले, एक फेरी मारली आणि गंभीरपणे म्हणाले, "इथेही."

मॅनेजरचा चेहरा पडला. "माझ्या केबिनमध्ये?"

"आपण आत येईपर्यंत नव्हता हो," स्टोअरकीपर पुटपुटला. पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

असा अख्खा कारखाना पालथा घालून वरात गोदामाच्या टोकाशी पोचली. नाकसाहेब आता खरोखर थकले होते. त्यांनी भिंतीवर हात टेकला, डोळे मिटले आणि एक सुस्कारा सोडला. तो सुस्कारा त्यांना स्वतःला फार खरा वाटला. किती दिवस हे सोंग रेटायचं, असं त्यांच्या मनात आलं. बाकीच्यांना मात्र त्यात वेगळंच दिसलं.

"भिंतीत!" मॅनेजर ओरडले. "भिंतीत आहे! फोडा!"

"अहो, मी तसं काही..." नाकसाहेब म्हणाले, पण तोवर प्लंबरचा हातोडा पडला होता. माणूस आत जाईल एवढं भगदाड पडल्यावर आत निघाला एक पाइप. कोरडा, धडधाकट, अगदी निर्दोष. मॅनेजर हळहळले. "असू दे. तुमचा चेहरा उतरलाय. तुम्ही घरी जा, विश्रांती घ्या. आम्ही पुढचं बघतो."

बसमध्ये नाकसाहेबांना चक्क अख्खं बाकडं मिळालं. पुढचंही रिकामं, मागचंही. तेवढ्यात ताईंचा फोन आला. आनंदानं त्यांचा आवाज फुटत होता. "साहेब, तुम्ही गेलात आणि दहा मिनिटांत वास गेला! अगदी नावाला नाही! भिंत फोडली ते किती बरं झालं!"

नाकसाहेबांना कौतुक गोड लागलं नाही. कुप्या तर ताईंना दाखवायच्या राहूनच गेल्या होत्या. चिमणीला आता काय सांगायचं? मेणबत्तीचं नाव घ्यावं, ते त्यातल्या त्यात सभ्य आहे, असं ठरवत त्यांनी घराची बेल वाजवली.

चिमणीनं दार उघडलं आणि ती दोन पावलं मागे सरली.

"बाबा! पाचही?"

"काय पाचही?"

"पाचही अंगावर ओतलीस?"

त्यांनी खिशात हात घातला. कुप्या बुळबुळीत लागल्या. सकाळपासूनचा सगळा कारखाना त्यांच्या डोळ्यांसमोरून सर्रकन गेला: लिंबू, मोगरा, गुलाब, केबिन, भिंत.

"पण तुला कळलं कसं नाही? गल्लीच्या तोंडापासून येत असेल हा वास!"

त्यांच्याकडे थापा काही कमी नव्हत्या. पण आज त्यांनी एकही काढली नाही. ते चपलांच्या फळीवर खाली बसले. "चिमणे, मला वास येत नाही. त्या तापापासून काहीच येत नाही."

ती म्हणाली, "म्हणजे ते दूध करपलं होतं, तेव्हा..."

"तू ओरडलीस तेव्हा कळलं."

"आणि कारखान्यात रे?"

"ताई हुंगतात, मी त्यांच्या भुवया बघतो."

तिला हसू फुटलं, पण ते अर्ध्यावर थांबलं आणि डोळे भरून आले. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तू कशाला आली असतीस मला काही विचारायला?"

तिनं त्यांचा कोट काढून घेतला आणि बाहेर दोरीवर टाकला. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. मग तिनं फोन त्यांच्या हातात दिला, आणि त्यांना नको नको होतं तरी मॅनेजरचा नंबर लावला.

"साहेब," नाकसाहेब म्हणाले, "तो वास भिंतीत नव्हता. माझ्या खिशात होता. आणि मला तो आला नाही, कारण मला हल्ली कुठलाच वास येत नाही."

"मग भिंत?"

"भिंत चांगली होती, साहेब."

"उद्या या. आधी डॉक्टरांना नाक दाखवून या. मग काय करायचं ते बसून ठरवू. आणि तो कोट आणू नका!"

फोन ठेवल्यावर नाकसाहेबांना हलकं वाटलं आणि रिकामंही. नाक नसलेले नाकसाहेब म्हणजे कोण, हे त्यांना माहीत नव्हतं.

चिमणीनं कुप्या पुसून टेबलावर ओळीनं ठेवल्या. प्रत्येकीच्या तळाशी थेंब थेंब उरला होता. "डोळे मीट," ती म्हणाली. त्यांनी मिटले.

"हे शेवाळ. विहिरीत वाकून हाक मारली की खालून गार येतं ना तोंडावर? तसं. पण जरा वेळानं त्यात लोखंड लागतं."

"कडीचं लोखंड की खिळ्याचं?"

"कडीचं. गंजलेल्या कडीचं. ही मेणबत्ती. वीज आली की तू मला फुंकर मारायला द्यायचास, त्यानंतरचा धूर. पण मेण फार. हे ग्रंथालय म्हणजे डिंक आणि जुना पुठ्ठा, माझं टेबलच! मखमल गोड आहे. आधी बरी वाटते, मग नकोशी होते. आणि ही वटवाघळं..."

वटवाघळांवर ती थांबेचना! त्यात धूर होता, ओलं चामडं होतं, वर कुणी तरी पिकलेलं केळं कुस्करलं होतं. असलं मिश्रण कुणाला सुचतं, घंटाघरात केळं येतंच कुठून, बनवणाऱ्यानं वटवाघूळ कधी पाहिलंय का, आणि पाहिलं असलं तर त्यानं त्या बिचाऱ्याचं हे असं का केलं... ती हातवारे करत बोलत होती, मध्येच हसत होती, पुन्हा हुंगून पुन्हा बोलत होती. चहा गार झाला. नाकसाहेब डोळे मिटून ऐकत होते. वास आला नव्हता, पण आपल्याला काही कमी पडतंय असं त्यांना बऱ्याच दिवसांत पहिल्यांदाच वाटत नव्हतं.

"हं, सांग आता," ती शेवटी म्हणाली. "कुठलं मागवू?"

"वटवाघळं."

"वटवाघळं? का रे?"

"त्याच्याबद्दल तू सगळ्यात जास्त बोललीस."

"बाबा! मी त्याला शिव्या देत होते!"

"असं होय?" नाकसाहेब खुर्चीत सरसावून बसले. "मग दे ना अजून थोड्या."