जावयावर मूठ

वीरेशला राज्य पंच व्हायचं होतं. लातूरच्या शाळेत कवायत शिकवता शिकवता आठ वर्षं बास्केटबॉलच्या जिल्हा सामन्यांत शिट्टी फुंकून झाली होती. आज नांदेडला शेवटची परीक्षा. नांदेड-परभणीचा एक सामना खेळवायचा आणि पुण्याहून आलेले निरीक्षक खुर्चीत बसून मार्क देणार. लेकीला भेटायचं निमित्त करून आई उमाबाईही आल्या होत्या. पोरगं एकटं कुठं पास होतंय, हे खरं कारण.

घोटाळा सामन्याआधीच झाला. नांदेडच्या संघातला उंच गडी तापाने पडला आणि बदली म्हणून राजशेखरराव उतरले. उमाबाईंचे जावई. उंची होती, बाकीचा खेळ लग्नानंतर पोटात गेला होता.

वीरेशने निरीक्षकांना सांगून टाकलं, "सर, ते माझे दाजी हायत."

"मैदानात नातं नसतं. तेच बघायला आलोय," ते म्हणाले.

तिसऱ्याच मिनिटाला दाजींनी परभणीच्या पोराचा हात धरला. वीरेशने शिट्टी मारून मूठ वर केली. फाऊलची खूणच ती.

"मंजुश्री, तुझ्या भावानं जावयावर मूठ उगारली," उमाबाई लेकीला म्हणाल्या.

"आई, तसा नियम हाय."

"कान पिळायचा मान लग्नात एकदाच. उठसूट मूठ दावायची न्हाई."

पुढच्या फाऊलला वीरेशची नजर आईकडे गेली. आईने डोळे वटारले. वर गेलेली मूठ आपोआप उघडत खाली आली, दुसऱ्या हाताला मिळाली आणि दाजींना चक्क नमस्कार झाला.

गुण लिहिणारा गोंधळला. "सर, ही खूण कशाची?"

निरीक्षकांनाही ठाऊक नव्हती. पण तसं कबूल करतील तर निरीक्षक कसले. "नवीन आलीय," ते म्हणाले आणि वहीत काहीतरी खरडलं.

परभणीच्या गड्याला मात्र नुसती मूठ मिळाली. तो अडून बसला. "त्यांनला नमस्कार अन् आमाला मूठ?" वीरेशने त्यालाही हात जोडले. मग सगळ्यांनाच. पोरंही उलट हात जोडू लागली. हुज्जत घालायला कुणाचे हात मोकळेच राहिले नाहीत.

शेवटच्या सत्रात दाजींचा पाचवा फाऊल झाला. पाचवा म्हणजे मैदानाबाहेर. दाजी बास्केटखाली मांडी घालून बसले.

"दाजी, उठा. माझी परीक्षा हाय."

"साल्यानं हाकलल्यावर कोणत्या तोंडानं जाऊ? सगळं नांदेड बघून राहिलंय."

निरीक्षक उठले. "पंच, खेळाडू का बसलाय?"

"रुसलेत, सर."

"मग नियम काय म्हणतो?"

नियमांच्या पुस्तकात जावई नव्हताच.

तोवर उमाबाई समोरच्या दुकानातून टॉवेल, टोपी, नारळ घेऊन आल्या. चपला काढून मैदानात शिरल्या. "घ्या, जावईबापू. रिकाम्या हातानं धाडत न्हाई आमी."

राजशेखररावांनी टोपी घातली, नारळ काखेत मारला आणि ऐटीत बाहेर पडले. थोड्या वेळाने परभणीच्या एका गड्याचेही पाच फाऊल भरले. तो उमाबाईंपाशी घुटमळला. "काकू, आमचं?"

"तू पाया पड अन् नीघ."

तो खरंच पाया पडून गेला.

सामना संपल्यावर निरीक्षकांनी वही तीनदा चाळली. "तुम्ही नेमके कोणते नियम पाळले, मला कळलेलं नाही. पण एकाही संघाची तक्रार नाही, असं वीस वर्षांत पहिल्यांदाच घडलं. पास. फक्त मूठ ती मूठच ठेवा."

बाहेर चहाच्या टपरीवर जावयांनी टोपी सारखी केली. "वीरेश पास झाला, बेस झालं. पर तो पाचवा फाऊल नव्हताच. मामी, तुमीच सांगा."

उमाबाईंनी बशीतला चहा संपवला. मानपान उरकला होता. आता खरं बोलायला हरकत नव्हती. "होता की. त्या लेकराच्या बरगडीत कोपर घातलं तुमी. अन् पाच कुठले, सात झाले. दोन माझ्या पोरानं सोडले, माझ्या डोळ्याला भिऊन."

वीरेशने आईला कोपराने ढोसलं. निरीक्षक शेजारच्याच बाकड्यावर होते. त्यांनी वही उघडली, पेन काढलं आणि उमाबाईंकडे सरकले.

"मावशी, ते दोन कोणते?"