पहिला आला अंबरीश चाचणे

लॉगिन केल्याशिवाय कुणीही अभ्यास करू नये, असा ठराव नांदेडच्या कळसाध्याय क्लासेसने एकमताने मंजूर केला. वहीत केलेला अभ्यास यापुढे ग्राह्य धरला जाणार नव्हता. रोज पहाटे साडेपाचला विद्यार्थ्याने पोर्टलवर आपलं नाव आणि पासवर्ड टाकायचा, हजेरीचं बटण दाबायचं, सराव परीक्षा द्यायची आणि बाहेर पडायचं. लगेच पालकांच्या मोबाइलवर मेसेज जाणार : ‘आपला पाल्य अभ्यासास बसला आहे.’

पोर्टल नीट चालतं का, हे तपासायला गौसियाला नेमलं होतं. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलेली, कामाला चोख आणि स्वभावाने भिडस्त. तिचा प्रोग्राम माणसासारखाच पोर्टलवर जायचा. आधी मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून दार बंद आहे ना बघायचा, मग खरा टाकून आत शिरायचा. पण आत शिरायचं तर कुणातरी विद्यार्थ्याचं नाव हवं. गौसियाने तपासणीपुरतं वेगळं पोर्टल मागितलं.

“खोट्या पोर्टलवर खरी तपासणी कशी होईल, मॅडम?” संचालक रेणुकादास सर म्हणाले. “चालू पोर्टलवरच करा. आपल्याकडं खोटं काही चालत न्हाई.”

म्हणून गौसियाने खऱ्या पोर्टलवर एक खोटा विद्यार्थी भरती केला. नाव अंबरीश चाचणे. फॉर्मने रक्तगट विचारला, आईचं नाव विचारलं, आवडता शास्त्रज्ञ विचारला. मुलगा आहे का, एवढंच विचारलं नाही. पालकाच्या मोबाइलच्या रकान्यात तिने स्वतःचा नंबर घातला. सगळी उत्तरं बरोबर आली तर पोर्टल पैकीच्या पैकी गुण देतं का, हेही बघायचं होतं. त्यामुळे प्रोग्राममध्ये उत्तरतालिका आधीच घातलेली होती.

महिन्याने सराव परीक्षेच्या गुणांवरून स्टार बॅचची यादी लागली. जागा साठ. पहिला अंबरीश चाचणे : गुण सातशे वीसपैकी सातशे वीस, हजेरी शंभर टक्के, शेरा ‘काम झाल्यावर लॉगआउट करणारा एकमेव विद्यार्थी’. एकसष्टावी अर्शी, गौसियाची धाकटी बहीण. पोरगी महिनाभर डोळ्यांवर पाणी मारून अभ्यासाला बसली होती. यादी बघून ती जेवलीच नाही. आपण आपल्याच हाताने बहिणीची जागा घालवली, हे गौसियाच्या लक्षात आलं.

“उस अंबरीश को देख, कुछ सीख,” अम्मी अर्शीला म्हणाली. गौसियाला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी ती तडक सरांकडे गेली.

“सर, अंबरीशला काढा. मीच घडवलाय त्याला.”

“प्रत्येक पालकाला असंच वाटतं,” सर म्हणाले.

“सर, तो माणूसच न्हाई!”

“म्हणून तर पहिला आला.” सरांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोरच्या चौकात होर्डिंग लागत होतं. फोटोच्या जागी पोर्टलने दिलेली करडी, बिनचेहऱ्याची आकृती आणि खाली हातभर मोठा आकडा, ७२०. “आता काढायचं म्हणून राहिलात? लातूरच्या एका क्लासनंबी त्याचा बोर्ड लावलाय, आमचाच विद्यार्थी म्हणून. आपण काढला की त्यांचं खरं होईल.”

लातूरवाल्यांनी तर सत्कारही उरकला होता. सत्कारमूर्ती अभ्यासात असल्यामुळे शाल त्याच्या काकांनी स्वीकारली.

मग गौसियाने नियमावली काढून वाचली. सलग तीन दिवस गैरहजर राहणाऱ्याचं नाव पोर्टल आपोआप कमी करत होतं. तिने प्रोग्राम बंद ठेवला. पहिल्या दिवशी तिच्याच मोबाइलवर मेसेज आला, ‘आपला पाल्य गैरहजर आहे.’ दुसऱ्या दिवशी समुपदेशक चंद्रप्रभा मॅडमचा फोन आला. “घरात काही टेन्शन हाय का? मुलाशी जरा बोलत जा.” चौथ्या दिवशी अंबरीशचं नाव गेलं आणि अर्शी साठावी झाली. लातूरवाल्यांनी पोरगा पळवला म्हणून सर आठवडाभर हळहळले. अंबरीश म्हणजे काय होतं हे कळल्यावर अर्शीने मात्र बहिणीला कडकडून मिठी मारली. गौसियाला त्या दिवशी खरंच फार बरं वाटलं.

स्टार बॅचची वेळ पहाटे साडेचारची. आठ दिवसांत अर्शीचे डोळे सुजले.

“आपा,” नवव्या दिवशी ती म्हणाली, “अंबरीश पहिला आला तेव्हा रोज कोण उठत होतं?”

“कुणीच न्हाई.”

“मग मीच का उठू?”

गौसियाने लॅपटॉप उघडला. तिने प्रोग्राममध्ये फक्त तीन गोष्टी बदलल्या, नाव, पासवर्ड आणि वेळ. कुणाला सांगायचं नाही, असं अर्शीला बजावलं. अर्शीने कुणालाच सांगितलं नाही, फक्त बॅचमधल्या मैत्रिणीला, बुशराला सांगितलं आणि प्रोग्राम दिला. बुशरानेही तसंच केलं.

आज स्टार बॅचचे साठच्या साठ विद्यार्थी साडेचारच्या ठोक्याला लॉगिन होतात, पैकीच्या पैकी गुण घेतात आणि काम झाल्यावर न चुकता लॉगआउट करतात. सरांनी याचं श्रेय शिस्तीला दिलं आहे. साठ पहिल्या नंबरांसाठी अर्धापूरपर्यंत होर्डिंगची जागा बघणं चालू आहे.

आज पहाटे तुमच्याही मोबाइलवर मेसेज आला असेल. तुम्ही तो अंथरुणातच वाचलात, दोन नातेवाइकांना पाठवलात आणि समाधानाने पुन्हा झोपलात. उठल्यावर पोराच्या खोलीत डोकावलात आणि ते गाढ झोपलेलं दिसलं, तर उठवू नका. त्याचा अभ्यास चालू आहे.