तळातली फाईल

"अहो, बसा ना जरा गप!" बायकोनं तिसऱ्यांदा सांगितलं. पण गप बसतील ते गोदामकाका कुठले!

सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या विभागात दोघं सकाळी साडेसहालाच हजर झाले होते. अगदी पहिले! बायकोच्या उजव्या गुडघ्यानं वर्षभर छळ मांडला होता. चार पायऱ्या चढायच्या तरी बिचारीच्या डोळ्यांत पाणी यायचं. खासगी इस्पितळानं हात वर केले होते, "हे ऑपरेशन मोठे डॉक्टरच करतात, आणि ते सरकारीत बसतात." आता हे मोठे डॉक्टर पुढच्या आठवड्यात तीन महिन्यांसाठी परदेशी निघालेले. उरलेल्या दोन-चार तारखा ते आजच देणार होते.

इथली रीत अशी, की आलेल्यानं फाईल टेबलावर ठेवायची, पुढच्यानं आपली तिच्यावर. नऊ वाजेपर्यंत चाळीस फायलींचा ढीग झाला आणि काकांनी मान वाकडी करून तळाकडे पाहिलं.

"अगं, आपली फाईल तळाला गेली की!"

"असेल त्यांची काहीतरी पद्धत."

"डोंबलाची पद्धत! तीस वर्षं गोदाम सांभाळलंय मी. आधी आलेला माल आधी बाहेर!"

सिस्टर आत गेल्या मात्र, काकांनी अख्खा ढीग उचलून उलटा केला. बायकोची फाईल वर! काकांना असा काही आनंद झाला, की स्वतःची पाठ थोपटायचीच काय ती बाकी राहिली.

सिस्टर परत आल्या आणि त्यांनीही ढीग उचलून उलटा केला. पहिला आलेला वर यावा म्हणून त्या रोज नऊच्या ठोक्याला हेच करत.

"अहो, काय करताय काय!" काकांनी ढिगाला हात घातला.

"काका, सोडा!"

"तुम्ही सोडा! आत्ताच तर सरळ केला होता मी!"

"म्हणजे तुम्ही हात लावलात?"

"म्हणजे आता मी पहिली?" सगळ्यात शेवटी आलेल्या एक बाई आनंदानं पुढे सरसावल्या. बाकीचे खवळून उठले. काकांनी इकडून ओढलं, सिस्टरनी तिकडून, आणि चाळीस फायली चाळीस एक्स-रेंसकट फरशीवर पसरल्या.

"आता लावा तुम्हीच!" सिस्टर कडाडल्या.

काका खाली बसले. झटापटीत चष्मा कुठं उडाला देव जाणे, त्यात एक्स-रेवरची नावं मुंगीएवढी. ते एकेक गुडघा उजेडाला धरून बायकोचा शोधू लागले. दोनदा ओळखीचा वाटला, तो निघाला कुणाचा तरी खांदा. घामानं शर्ट भिजला. आपल्या शहाणपणापायी हिची तारीख गेली, या विचारानं त्यांना रडूच फुटायचं बाकी होतं.

अर्ध्या तासानं बायको समोर येऊन उभी राहिली.

"चला घरी."

"थांब गं, सापडेल! माझंच चुकलं..."

"शनिवारी ऑपरेशन आहे माझं."

काकांनी हातातला कुणाचा तरी खांदा खाली ठेवला.

"फाईल माझ्या पायाशीच येऊन पडली होती. डॉक्टरांनी दारातून विचारलं, सगळ्यात आधी कोण आलंय? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्या शेवटच्या बाईंनीसुद्धा."

काकांनी घाईघाईनं उठायचा प्रयत्न केला, तोच गुडघ्यात अशी कळ आली की "आई गं!" करून ते पुन्हा खालीच बसले.

बायकोनं वाकून हात दिला. "तुमचीही फाईल काढू या," ती म्हणाली, "पण ती ठेवायला मी जाईन."