भोईरमामींचा इंटरव्ह्यू

भोईरमामी दारात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात आणि मग विचारतात, "पाच वर्सांनी तू कुठं असशील?" एकदा त्यांनी कुरियरवाल्यालाही हेच विचारलं. तो खोकं हातात धरून थोडा विचारात पडला आणि म्हणाला, "अंबाडीला, मावशी. तिकडचा रूट मागितलाय." मामींनी मान डोलावली. "बरा जवाब हाय. याला ठाऊक हाय कुठं जायाचं ते." आणि त्याच्याच पेनानं तो जवाब डायरीत लिहून घेतला.

धामणकर नाक्याच्या मागे आमची इमारत आहे. मामी तळमजल्यावर एकट्या राहतात. मामा चार वर्षांपूर्वी गेले, मुलगा नाशिकला असतो. शिक्षण सातवी. मुलाखत त्यांनी कधीच दिली नव्हती, पण वडप्याच्या गोदामांपासून ठाण्यातल्या बँकांपर्यंत कुठे काय विचारतात ते त्यांना तोंडपाठ होतं. इमारतीतलं कुणी मुलाखत देऊन आलं की मामी त्याला जिन्यातच गाठायच्या. "काय काय इचारलं? साहेब कधी हसला? कुठल्या जवाबाला?" साहेब हसला त्या उत्तरापुढे डायरीत पसंतीची फुली पडायची.

दोन ठिकाणी मुलाखतीत नापास होऊन मी मामींकडे गेले. त्यांनी मामांचा चष्मा लावला. त्यातून त्यांना काहीच दिसत नव्हतं, पण साहेबाला चष्मा हवा असं त्यांचं मत. समोर सुका जवळा निवडायला घेतला होता. मला बाहेर जाऊन दार वाजवून यायला लावलं.

"तुझी कमजोरी सांग."

"मी कामात स्वतःला फार झोकून देते," मी म्हटलं. इंटरनेटवर वाचलं होतं.

मामींनी चष्म्यावरून बघत जवळ्यातला खडा बाजूला केला. "समदे हेच बोलतात. साहेबाला कान हायेत गो. खरी सांग."

"न समजलेलं विचारत नाही मी. लाज वाटते. मग चुकतं."

"मग आता काय करतेस?"

"लिहून घेते. आणि शेवटी एकदा विचारतेच."

"हाच जवाब. अर्धी कमजोरी, अर्धा इलाज."

खरी अडचण पुढे होती. बी.कॉम.नंतर माझं एक वर्ष रिकामं गेलं होतं. आईचं ऑपरेशन झालं होतं आणि घरात करणारं कुणी नव्हतं. आधीच्या दोन्ही ठिकाणी या वर्षाबद्दल विचारलं, तेव्हा मी "वैयक्तिक कारण होतं" असं पुटपुटून खाली बघितलं होतं.

मामींनी चष्मा काढला. "चोरी केलीस का?"

"नाही."

"आईला सांभाळलंस ना? औषधाच्या वेळा, डाक्टरचे कागद, समदं तूच बघितलंस. ते बी कामच हाय. मान वर करून सांग."

बारा दिवस आम्ही हे घोटलं. शेजारच्या गल्लीतले कापडाचे लूम दिवसभर खडखडत असतात, त्यामुळे माझं प्रत्येक उत्तर ओरडून पाठ झालं होतं. वडप्याच्या गोदामात, शांत एसी केबिनमध्ये, मी त्याच आवाजात माझी कमजोरी सांगितली. समोरचे साहेब दचकले. "हळू बोललात तरी ऐकू येतं," म्हणाले आणि हसले. मग त्या रिकाम्या वर्षाबद्दल विचारलं. मी मान वर करून सगळं सांगितलं, या वेळी हळू. चौथ्या दिवशी फोन आला. बिलिंगचं काम मिळालं. मामींनी आधी फुली मारली, मग मला मिठी मारली.

गुरुवारी माझी साप्ताहिक सुट्टी. पहिल्याच गुरुवारी दुपारी मी जिना उतरले, तर प्रत्येक मजल्यावर कुलपं. तिसऱ्या मजल्यावरची शबाना दवाखान्यात रिसेप्शनला, तिची जाऊ शाळेत नोकरीला, समोरचा विकास गोदामात. सगळे मामींनी तयार केलेले. सगळे ड्युटीवर. तळमजल्याचं दार तेवढं उघडं होतं आणि मामी दाराकडे तोंड करून बसल्या होत्या.

"बरं झालं आलीस. आज माझा इंटरव्ह्यू घे."

"नोकरी करायचीय, मामी?"

"तू घे तर."

मी समोर बसले. "आधीचा अनुभव काय?"

त्यांनी पदर नीट केला. "लग्नाआधी लूमवर सुताच्या कांड्या भरायची. माझ्या हाताचा धागा तुटत नसे. शेठ दुसऱ्या पोरींना माझं काम दाखवायचा." हे मला माहीतच नव्हतं. बोटांनी हवेत धागा ओढून त्या दाखवू लागल्या.

"मग गॅप का पडला?"

"सासू अंथरुणाला होती, नऊ वर्सं. मग पोराची शाळा. मग ह्यांची शुगर, ह्यांचा पाय." मान वर करूनच सांगत होत्या. मग म्हणाल्या, "आता कोनी न्हाय सांभाळायला."

मुलाखतीच्या शेवटी विचारतात तो प्रश्न मी विचारला. "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"

"हाय ना," मामी म्हणाल्या. "परत कधी येशील?"

"पुढच्या गुरुवारी. शबानाची सुट्टी जमली तर तिलाही आणते."

"मग कोलंबी घेऊन ठेवते," मामी म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.