फक्त पाणी घाला

काकूंनी निघताना दिलेली सूचना अगदी सोपी होती. "काही करू नका. फक्त पाणी घाला."

लेकीचं बाळंतपण जवळ आलं होतं, म्हणून काकू दीड महिन्यासाठी तिच्याकडे चालल्या होत्या. टॅक्सीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली आणि पुन्हा बजावलं, "ऐकलंत ना अहो? काही म्हणजे काहीच करू नका." आता काहीच न करणं ही गोष्ट कुठल्याही नवऱ्याला सहज जमावी. नेमकी यांनाच जमत नव्हती.

हे म्हणजे रेकॉर्ड विभागातले हेडक्लार्क. ऑफिसात त्यांना सगळे फूटपट्टी म्हणत. (पाठीमागे म्हणत असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात प्यून तोंडावरच म्हणायचा.) कपाटातल्या फायली एका रेषेत नसल्या की यांच्या घशाखाली घास उतरत नसे. टाचणीसुद्धा कागदाच्या कडेपासून अर्ध्या इंचावर, आणि तीही आडवी. अशा माणसाच्या हाती काकूंचा भाजीचा प्लॉट आला होता.

गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत मंडळाने वीस प्लॉट पाडले होते. ज्याला हौस असेल त्याने नाव नोंदवायचं, नंबर लागला की भाजी पिकवायची. काकूंचा नंबर सहा वर्षांनी लागला आणि सात नंबरचा प्लॉट मिळाला. तेव्हापासून ऑफिस, नवरा आणि घर या सगळ्यांच्या आधी त्यांचा प्लॉट. नियम एकच होता, पण कडक. थंडीत मंडळाचे सेक्रेटरी तपासणीला येणार, त्या दिवशी निम्मा प्लॉट हिरवा दिसला पाहिजे. नाही दिसला, तर प्लॉट रांगेतल्या पुढच्या माणसाला.

काकूंना त्याची कधीच भीती वाटली नाही, कारण त्या पेरतच नसत. थंडी संपता संपता चार झाडं तशीच ठेवायची, ती फुलतात, वाळतात, बी आपणच जमिनीवर सांडतं आणि पुढच्या गारठ्यात आपणच उगवतं. अकरा हिवाळे असंच चाललं होतं. "कुठे उगवायचं ते बी ठरवतं," असं त्या म्हणायच्या, "मी कोण त्याला सांगणारी?"

पहिल्याच रविवारी फूटपट्टी पाण्याचा पाइप घेऊन प्लॉटवर उभे राहिले आणि त्यांना गरगरलं. कोथिंबीर पायवाटेत आली होती. पालक बाकाखाली बसला होता. मोहरी मुळ्यांच्या अंगावर चढलेली. आणि शेपू! शेपू तर जिथे नको तिथे होता. त्यात मधोमध दोन उंच, वाळलेले, छत्र्यांसारखे तुरे, त्यांना काकूंनी लाल दोरा बांधून ठेवलेला. (शेपू आणि फूटपट्टी यांचं लहानपणापासून जमत नसे. त्या वासाने त्यांनी एकदा भर पंगतीतून पळ काढला होता.)

"एकच रांग सरळ करू," ते स्वतःशी म्हणाले. "एक रांग म्हणजे काही 'काही करणं' नव्हे."

तीन तासांनी प्लॉटवर जी जी वनस्पती रांगेत नव्हती, ती ती उपटलेली होती.

शेजारच्या आठ नंबरवर शिंपीणबाई मुळे काढत होत्या. कपडे शिवता शिवता लोकांची मापं नजरेनेच घ्यायची त्यांना सवय होती. त्यांनी फूटपट्टींचंही घेतलं.

"काका, हे सगळं काढताय?"

"शिस्त लावतोय."

"लावा, लावा. हा पालक टाकूनच देणार असाल तर मी घेऊ?"

"न्या की! तण आहे सगळं."

शिंपीणबाईंनी दोन पिशव्या भरल्या आणि हसू पदराआड दडवून त्या घरी गेल्या.

प्लॉटवर आता एकच गोष्ट उरली. पाइप जिथून गळायचा, त्या गळतीच्या कडेने एक रांग उगवली होती. हिरवीगार, नक्षीदार पानांची आणि सरळ! अशी सरळ की फूटपट्टींचे डोळे भरून आले. पानं गाजराच्या पानांसारखी दिसत होती. त्यांनी लगेच पाटी लिहून रोवली : 'गाजर. रांग क्र. १.' मग मायेने एकेक पान धुतलं, पुसलं. हाताला थोडी खाज आली, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

उपटलेला ढीग त्यांनी एका जुन्या पोत्यात भरून ठेवला. पोत्याचा कोपरा उंदरांनी खाल्लेला होता, पण फुकटच्या पोत्यात कोण खोड काढतो?

संध्याकाळी काकूंचा फोन आला.

"घातलंत ना पाणी?"

"घातलं."

"पालक कापून खा हो, कोवळा आहे. आणि माझे ते लाल दोऱ्याचे शेपू सांभाळा. ते बी माझ्या वडिलांच्या रुमालातून आलंय. ते गेलं की गेलं. आणि पंधरा तारखेला सेक्रेटरी येतील. काळजी नाही म्हणा, आपला प्लॉट सगळ्यात हिरवा."

फूटपट्टींच्या तोंडचं पाणी पळालं. "हो," एवढंच ते म्हणाले. सहा वर्षं थांबून बायकोने जागा मिळवली, अकरा वर्षं राखली, आणि आपण ती एका सकाळीत साफ केली! त्या माणसाला मनापासून रडू आलं. पण रडण्याआधी पुरावा लपवणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते पोतं ओढत निघाले. प्लॉटपासून अवजारांच्या खोलीपर्यंत विटांची वाट होती आणि वाटेच्या कडेला मातीची पट्टी. वाट खराब व्हायला नको, म्हणून पोतं पट्टीवरून ओढलं. खोलीमागे पाण्याचा गंजका ड्रम होता, त्याच्या आड ते कोंबलं. वाटेवर थोडी माती सांडलेली दिसली. तेव्हापासून ते रोज पाइप लावून वाट धुऊ लागले. बायकोने पाणी घालायला सांगितलं होतं, ते कुठेतरी घालायला हवंच होतं.

पंधरा तारखेच्या सकाळी ते भाजीबाजारात उभे होते.

"मुळांसकट आहे का?"

"मुळांसकट?" भाजीवाली म्हणाली. "साहेब, लोक मुळं कापून द्या म्हणतात."

"मला मुळांसकटच हवं. पालकाच्या वीस जुड्या, कोथिंबिरीच्या वीस."

"लग्न आहे का घरी?"

"मोडायची वेळ आलीये," फूटपट्टी म्हणाले.

सेक्रेटरी येईपर्यंत त्यांनी सगळ्या जुड्या मातीत रोवल्या. प्रत्येक जुडी बरोबर नऊ इंचांवर, टेपने मोजून. निम्मा प्लॉट हिरवा झाला. फक्त घाईत जुड्यांचे रबर काढायचे राहिले.

सेक्रेटरी आले. करड्या चेहऱ्याचे, करड्या कोटाचे. ते वाकले. एक कोथिंबीर त्यांनी दोन बोटांत धरली.

"हिला रबर आहे."

"थंडी फार आहे ना," फूटपट्टी म्हणाले. "अंग आवळून धरते."

"आणि इतक्या सरळ रांगा? या प्लॉटवर?"

"शिस्त, साहेब. आमच्या मूळ रांगेकडे या. गाजरं बघा, काय जोम!" विषय बदलावा म्हणून त्यांनी रांगेतलं एक रोप हलवून दाखवलं. बारीक पांढरी फुलं सेक्रेटरींच्या नाकाखाली थरथरली.

"आऽऽक् छी!"

एक, दोन, सात, अकरा. सेक्रेटरींचे डोळे लाल झाले, नाक वाहू लागलं, चष्मा खाली पडला. "हे काय लाव... आक् छी!... हिरवं आहे ना? आहे हिरवं! द्या तो तपासणीचा कागद!" त्यांनी अंदाजाने सही ठोकली आणि रुमाल तोंडावर धरून ते फाटकाबाहेर पळाले.

शिंपीणबाई आठ नंबरवर खाली बसून हसत होत्या. "अहो काका, गाजर कसलं? गाजरगवत आहे ते! पंधरा दिवस हात खाजवताय, तेव्हाच मी ओळखलं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही शिस्त लावत होतात. मध्ये कशाला बोला?"

प्लॉट वाचला, पण चार दिवसांत जुड्या माना टाकून आडव्या झाल्या, आणि दीड महिना भरताच काकू आल्या. नात झाल्याचा आनंद चेहऱ्यावर घेऊन त्या थेट प्लॉटवरच गेल्या. मागे फूटपट्टी, हात मलम लावून पांढरे केलेले.

काकू प्लॉटकडे बघत राहिल्या. लाल दोरा जिथे होता तिथे त्यांनी एकदा पाय टेकवला, आणि त्यांचे डोळे पाणावले. फूटपट्टींना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"उंदीर..." त्यांनी सुरुवात केली. "यंदा उंदीर फार."

"उंदीर," काकू म्हणाल्या, आणि तेवढ्यात त्यांची नजर वाटेकडे गेली.

वाटेच्या कडेने, प्लॉटच्या कोपऱ्यापासून सुरू होऊन, एक रांग उगवली होती. वीतभर उंचीची, सुईसारख्या बारीक पानांची, ताठ, एकसारखी. फूटपट्टी रोज ती वाट धूत होते, पण विटांवरची माती सोडून त्यांनी दुसरं काही बघितलंच नव्हतं. काकू वाकल्या. एक पान चुरगळून त्यांनी नाकाशी नेलं.

"शेपू! अहो, माझ्या वडिलांचा शेपू!" त्यांचा चेहरा असा उजळला की फूटपट्टींनाही क्षणभर शेपू आवडला.

मग काकू त्या रांगेच्या कडेने चालू लागल्या. फूटपट्टी "अगं, तिकडे काही नाही" म्हणत मागे धावले. रांग अवजारांच्या खोलीपाशी गेली, वळली, ड्रमच्या मागे शिरली. तिथे पोतं होतं. उंदरांनी खाल्लेल्या कोपऱ्यातून शेपूचा झुबका बाहेर आलेला, आणि त्यात लाल दोरा.

मागोमाग आलेल्या शिंपीणबाईंनी हातातला विळा खाली ठेवला.

"इतकी सरळ पेरणी या जागेत कुणी केली नाही," काकू शांतपणे म्हणाल्या. "किती लांब असेल हो ही रांग?"

फूटपट्टींचा जीव भांड्यात पडला. सुटलो! खिशातली टेप बाहेर आली. ते गुडघ्यांवर बसून सरकत गेले, दोनदा मोजलं आणि अभिमानाने उठले. "एक्केचाळीस फूट, चार इंच!"

"छान. आता रोज एक फूट कापायचा," काकू म्हणाल्या. "भाजी तुमच्या डब्यात."

"रोज? एक्केचाळीस दिवस?"

"बरोबर."

"आणि वरचे चार इंच?" फूटपट्टींनी केविलवाण्या आवाजात विचारलं.

"ते बी धरायला सोडू. पुढच्या हिवाळ्यातली तुमची सोय आपोआप होईल. तुम्ही काही करू नका. फक्त पाणी घाला."