पाच डबे आणि एक हात

बाणसाहेबांनी डायनिंग टेबल फक्त एका रविवारपुरते मागितले होते, आणि एका रविवारपुरते मागितलेले टेबल नाकारण्याइतके त्यांचे घर काही कठोर नव्हते.

'बाणसाहेब' हे नाव त्यांना ऑफिसने दिले होते. आपला प्रकल्प समजावून सांगण्यासाठी त्यांनी जी आकृती काढली होती, तिच्यात एकशे चौदा बाण होते. (त्यांतले दोन फक्त एकमेकांकडे पाहत होते, असे बारकाईने पाहणारे सांगत.) वास्तविक प्रकल्प सरळ होता. पाच रुग्णालये, पाच संगणक, आणि प्रत्येक संगणकावर सगळ्या रुग्णांच्या त्याच नोंदी. एक बंद पडला तर उरलेल्यांनी काम चालवायचे. तो परत आला की इतरांना विचारून त्याने आपल्या नोंदी भरून घ्यायच्या. ही गोष्ट अवघड करून सांगायला अभ्यास लागतो, आणि बाणसाहेबांचा अभ्यास अकरा वर्षांचा होता. गेल्या दोन वर्षांत रुजू झालेल्या सात जणांपैकी पाच जण त्यांचे पहिले व्याख्यान ऐकून "जरा विचार करून सांगतो" म्हणाले, ते अजून विचारच करत आहेत.

शेवटी संचालकबाईंनी त्यांना बोलावून घेतले. "सोमवारी तिघं नवे येताहेत. या तिघांनाही कळलं नाही, तर प्रकल्प मी दुसऱ्याकडे देणार. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून न घेण्याची त्यांनी शिकस्त केली. दोन दिवस ती आकृती जेवणाच्या ताटाशेजारी पसरलेली होती.

"अहो, ते बाण आता पुरे," बायको म्हणाली. ती दातांची डॉक्टर होती. "दवाखान्यात मी मुलांना दात किडतानाचं ॲनिमेशन दाखवते. बघून झालं की पोरं आपणहून आ करतात. तुम्हीही वस्तू हलताना दाखवा."

"माझा विषय दातांइतका सोपा नाही."

"म्हणूनच तुमच्यासमोर कुणी आ करत नाही. जांभई सोडली तर."

अशा रीतीने रविवारी सकाळी टेबलावर पाच स्टीलचे डबे उघडे मांडले गेले. डबा म्हणजे संगणक, बटण म्हणजे नोंद. लाल, पांढरे, पिवळे, काळे अशी चार बटणे प्रत्येक डब्यात हवीत. वरच्या दिव्याला फोन बांधला होता, आणि तो दर पाच सेकंदांनी आपोआप एक फोटो काढत होता. बाणसाहेब बटण बोटभर सरकवत, श्वास रोखून हात मागे घेत, फोटो निघाला की पुन्हा सरकवत. सगळे फोटो भराभर दाखवले, की बटणे स्वतःच चालत जाऊन डब्यांत बसल्यासारखी दिसणार होती.

"जावईबापू, आज ऑफिस आमच्या टेबलावर का?" सासूबाईंनी दारातून विचारले. त्या तीस वर्षे एका रुग्णालयाच्या औषध-भांडारात होत्या. निवृत्तीनंतर लेकीकडे राहत होत्या. जागेवरून हललेली वस्तू दिसली की त्यांचा हात शिवशिवे.

"कशालाही हात लावू नका हं, आई. फार नाजूक काम आहे."

"माझा डबा आहे तो तिसरा."

"आज तो संगणक आहे."

सासूबाईंनी संगणकाकडे पाहिले, जावयाकडे पाहिले, आणि लेकीच्या नशिबाबद्दलचे मत मनातच ठेवले.

दुपारी दोनला शेवटचे बटण जागेवर बसले. फोन मात्र बाणसाहेबांनी मुद्दाम चालू ठेवला. स्तब्ध उभ्या डब्यांची सहा मिनिटे पडद्यावर राहिली, तर त्यांच्यापुढे उभे राहून समारोपाचे भाषण करता येईल, हा हिशेब. (समारोपाशिवाय ॲनिमेशन म्हणजे त्यांच्या मते निव्वळ करमणूक.) तेवढ्यासाठी फोटो दोन तास निघायला हवे होते, म्हणून ते पाठ टेकायला गेले आणि चार वाजता उठले. संध्याकाळी संगणकाने फोटो जोडून दिले. त्यांनी सुरुवात पाहिली, ती उत्तम होती. शेवटी तर डबे नुसते उभेच असणार होते. उभे डबे काय पाहायचे?

सोमवारी बटणे डौलात चालत गेली. तिन्ही नवोदित सरसावून बसले. संचालकबाईंची भुवई, जी सहसा वरच असे, किंचित खाली आली. मग बाणसाहेब पडद्याकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी समारोप सुरू केला.

"मित्रहो, यातला एखादा संगणक अचानक नाहीसा झाला, अशी कल्पना करा."

खसखस पिकली. आपल्या बोलण्यावर कुणी हसल्याचा त्यांचा हा पहिलाच अनुभव. त्यांना हुरूप आला.

"घाबरू नका! बाकीचे चौघे जागेवरून हलत नाहीत. आणि हरवलेला परत येतो, तेव्हा तो रिकामा असतो."

या वेळी हशा मोठा होता. नव्यांतली एक मुलगी, जिने मघाशी वही मिटून ठेवली होती, ती उघडून भराभर लिहू लागली.

"बाणसाहेब," संचालकबाई डोळे पुसत म्हणाल्या, "जरा मागे बघा."

त्यांनी मागे पाहिले. पडद्यावर मनगटी घड्याळ घातलेला एक ओळखीचा हात तिसरा डबा परत ठेवत होता. मग शिवणाची पेटी आली. मग एक पांढरे डोके, चष्म्यासकट, प्रत्येक डब्यात डोकावू लागले. पेटीतून शोधून शोधून लाल, पांढरे, पिवळे बटण तिसऱ्या डब्यात पडले. मग डोके थबकले. चार डब्यांवरून दोनदा फिरले. तीन डब्यांत काळे बटण होते, चौथ्यात गडद निळे. हाताने तिसऱ्या डब्यात काळे टाकले, चौथ्यातले निळे उचलून तिथेही काळे ठेवले, टेबल फडक्याने पुसले आणि तो निघून गेला.

"हे... हे मी काढून टाकतो," बाणसाहेब पुटपुटले. अकरा वर्षांचे काम त्यांच्या डोळ्यांसमोरून दुसऱ्याच्या टेबलावर निघाले होते.

"नका ना काढू, सर!" ती मुलगी उठलीच. "आत्ता तर कळलं! एक गेला तरी काम चालू. परत आला की बाकीच्यांना विचारायचं. आणि एखादाच वेगळं सांगत असेल, तर जास्त जण सांगतात ते धरायचं. एवढंच ना?"

एवढेच होते. त्यांच्या व्याख्यानात याला चाळीस पाने लागत.

"चौथ्या डब्यात निळं बटण कुणी ठेवलं होतं?" संचालकबाईंनी विचारले.

"मी."

"म्हणजे चूक तुमची, दुरुस्ती त्यांची. राहू द्या प्रकल्प तुमच्याकडे. पण फिल्म अशीच ठेवायची. भाषणाशिवाय."

त्या दिवशी बाणसाहेब वेळेवर घरी आले. त्यांना पाहताच सासूबाईंनी आधीच बचाव मांडला. "साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या होत्या, म्हणून साखर काढून ठेवायला तो तिसरा थोडा वेळ घेतला. बटणं माझ्या पेटीत मिसळली. पण होतं तसं ठेवलंय हं मी सगळं."

"आई, कुठलं बटण खरं, ते कसं ठरवलंत?"

"त्यात काय ठरवायचं? एक कपाट खोटं बोलू शकतं. तीन कपाटं सांगतात तेच खरं. भांडारात नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवायचे मी."

आपले काम घरात कुणाला कळत नाही, ही खंत बाणसाहेबांनी किती वर्षे जपली होती. आणि ते जाणणारे माणूस रोज समोर बसून चहा पीत होते. त्यांनी सगळी हकीकत सांगितली आणि अगदी मनापासून, एकही बाण न काढता, त्यांचे आभार मानले.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतले. "एवढंच काम आहे होय तुमचं? मग रोज उशीर कशानं होतो?"

"आई!" बायको हसू दाबत म्हणाली.

"ऑफिसला दुसरा भाग हवाय," बाणसाहेब घाईने म्हणाले. "तुम्हीच करायचा, असा संचालकबाईंचा आग्रह आहे. कराल ना?"

"करेन की." सासूबाईंनी तिसरा डबा उचलला, फडक्याने पुसला आणि साखरेने भरला. "पण अट एकच. मागच्या वेळेसारखंच, मी काम करत असताना तुम्ही झोपायचं."