आधी त्याच्या जागी बसा

आमच्या कचेरीत कुणाची तक्रार करणं हे अंगमेहनतीचं काम होतं. हेडक्लार्क गुंडेराव अर्ज हातात घ्यायचेच नाहीत. चष्म्यावरून पाहत म्हणायचे, "शिकायत नंतर. आधी त्याच्या जागी बसून या."

नळदुर्गात मी नवा कारकून. शिपाई हरिबा पाणी उशिरा आणतो, असं सांगायला गेलो, तर गुंडेरावांनी माझ्या हातात कळशीच दिली. विहिरीच्या तिसऱ्या खेपेला माझी तक्रार कुठल्या कुठं गेली.

"झाला इन्साफ?" त्यांनी विचारलं.

मी खांदा चोळत हो म्हटलं. म्हातारा चक्रम आहे, याबद्दल मात्र माझी खात्री पटली.

हैदराबाद राज्य मोडून आम्ही तेव्हा नुकतेच मुंबई राज्यात आलो होतो. नवे साहेब पुण्याकडचे. निजामाच्या काळातल्या उर्दू फायलींची सुटी पानं लावून शिवायचं काम माझ्याकडं आलं. मला उर्दूचा गंध नव्हता. उर्दू उजवीकडून वाचतात हे ठाऊक नसल्यानं मी पानं मराठी वहीसारखी डावीकडून लावली आणि कपाटभर फायली उलट्या शिवल्या. निकाल आधी, अर्ज शेवटी! साहेब खवळले आणि मला काढून टाकायचा कागद तयार झाला. घरात आई, दोन बहिणी आणि कमावता मी एकटा.

गुंडेराव माझं स्टूल उचलून साहेबांच्या खोलीत गेले. सोबत उर्दू पानांचा एक सुटा गठ्ठा.

"साहेब, यावर बसून एवढी एक फाइल लावा. मग खुशाल सही करा."

साहेब कुरकुरत बसले. त्यांनी पानं लावली. हाताच्या सवयीनं तीही उलटीच.

साहेब भला माणूस. त्यांनी माझा कागद फाडला. फायली मीच उसवून पुन्हा शिवल्या, आणि गुंडेरावांनी शेजारी बसून मला उर्दू शिकवलं. त्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी खणातून एक पिवळा उर्दू कागद काढला. मला आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतः स्टुलावर बसले.

"वाचा."

तो त्यांचाच अर्ज होता. तरुणपणी दुसऱ्याच्या चुकीपायी त्यांना वर्षभर घरी बसवलं होतं. अर्ज न वाचताच परत आला होता. मी अडखळत शेवटपर्यंत वाचला.

"काय हुकूम लिहू?" मी विचारलं.

"हुकूम कशाला आता? कुणीतरी ऐकायचं राहिलं होतं." त्यांनी कागदाची घडी केली आणि चष्मा पुसत बसले.